फ्रेंच मुलीचा उजवा हात

फ्रेंच मुलीचा उजवा हात तिचा स्वतःचा नाही, ही बातमी मिस्त्रींना त्यांच्या मुलीने सांगितली, तीही चहात बिस्कीट बुडवत. तिचं बिस्कीट वेळेत बाहेर आलं. मिस्त्रींचं कपातच राहिलं आणि तळाशी जाऊन बसलं.

मिस्त्री म्हणजे संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागातले निवृत्त मिस्त्री. कागदावर त्यांचा हुद्दा लांबलचक होता, पण तो पूर्ण उच्चारायला कोणाला वेळ नव्हता. संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, आणि घरी बायकोचा पारा चढला की तीही म्हणे. त्यांची मुलगी आता त्याच विभागात, त्याच खिडकीजवळच्या बाकावर काम करत होती. तिला लोक छोट्या मिस्त्री म्हणत. दोन पदव्या घेऊन शेवटी हेच ऐकायचं होतं, असं ती म्हणायची, पण कोणी दुसऱ्या कोणाला तसं म्हटलेलं तिला खपलं नसतं. सुटल्यावर आपल्या घरी जाण्याआधी ती रोज अर्धा तास आईबाबांकडे चहाला थांबायची.

फ्रेंच मुलगी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा ब्राँझचा पुतळा. उंची चार फूट. वय म्हणाल तर सव्वाशे वर्षांच्या पुढे, दिसायला सतरा-अठरा. पाय अनवाणी, केस वर बांधलेले, डाव्या हाताने झग्याचा घेर गुडघ्यापर्यंत उचललेला, आता पाण्यात उतरणार असा. उजवा हात पुढे केलेला, तळवा खाली, बोटं थोडी फाकलेली. चौथऱ्याच्या कडेला फ्रान्समधल्या कुठल्याशा ओतशाळेचा शिक्का.

तिच्या या उजव्या हाताबद्दल फार लिहिलं गेलं होतं. एका नामवंत अभ्यासकांनी बारा पानांचा लेख लिहून सिद्ध केलं होतं की, शिल्पकाराने अंग तरुणीचं आणि हात लहान मुलीचा ठेवला तो जाणूनबुजून, कारण त्याला बालपण आणि तारुण्य यांच्यामधला उंबरठा दाखवायचा होता. लेख इतका गाजला की पुतळ्याखालच्या पाटीवर उंबरठा आला, पोस्टकार्डावर नुसता हात छापला गेला, आणि शाळेच्या सहली आल्या की शिक्षिका विचारायच्या, "सांगा बघू, हात लहान मुलीसारखा का?" मुलं एका सुरात ओरडायची, "उंबरठा!" मिस्त्रींनी हे स्वतःच्या कानांनी कितीदा तरी ऐकलं होतं आणि कधी ब्र काढला नव्हता.

"ती परदेशातल्या प्रदर्शनाला जाणार ना, म्हणून सगळी तपासणी चाललीय," मुलगी सांगत होती. "ते नवीन यंत्र आलंय बघा, बंदुकीसारखं. धातूवर रोखायचं, की आत काय किती आहे ते आकड्यांत येतं. अंगावर सगळीकडे आकडे सारखे. मनगटाच्या पुढे गेले आणि शिसं एकदम चौपट! मला वाटलं यंत्रच बिघडलं. पाच वेळा लावलं, बाबा."

"मग?"

"मग काय, हात नंतरचा आहे. कोणीतरी नळाच्या तोट्या वितळवून ओतलाय."

"तोट्या नसतील," मिस्त्री म्हणाले. "बेअरिंगचे बुश असतील. तोट्यांत जस्त जास्त असतं."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण बोललो. मुलीने मान वर केली, पण तिच्या डोक्यात आकडे नाचत होते. "असतीलही," ती म्हणाली. "जस्त खरंच कमी आहे."

मग तिने फोन काढून एक फोटो दाखवला. कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या संग्रहालयात हीच मुलगी होती, त्याच साच्यातली, अगदी जुळी बहीण. फक्त तिचा उजवा तळवा वर होता आणि त्यावर एक गोगलगाय चालली होती.

"गोगलगाय!" मुलगी टाळी वाजवून हसली. "तीस वर्षं लोकांनी उंबरठा उंबरठा करून घसा कोरडा केला, आणि बाईसाहेब बघतायत गोगलगायीकडे!"

स्वयंपाकघरातून तिची आईही हसली. मिस्त्रीही हसले. न हसून सांगतात कोणाला?

"मी तुमची नोंद काढली," मुलीने आवाज जरा खाली आणला. "'उजवा हात सुटा आला, मनगटाशी जोडला.' तुमचंच अक्षर. तुम्हाला फसवलं हो त्यांनी. ज्या घराने पुतळा दिला त्यांनी आधीच कुठून तरी नकली हात करून घेतला असणार आणि पेटीत टाकून दिला. तुम्ही तरी काय करणार, तेव्हा यंत्र कुठे होतं? तुम्ही अंगाला लावून घेऊ नका."

ती हे मायेने म्हणाली, आणि तेच मिस्त्रींना झोंबलं. कानशीच्या दोन फेऱ्यांनंतर पडणारा भुगा बघून धातू सांगणारा हा माणूस. चाळीस वर्षांत त्याच्यापुढे नकली मूर्ती अस्सल म्हणून ठेवण्याची कोणाची छाती झाली नाही. आणि आता पोटची पोर त्याची समजूत काढत होती. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प राहिलं तर बावळट ठरायचं, बोललं तर लबाड. आणि मिस्त्रींना, खरं सांगायचं तर, लबाड ठरणं कमी जाचलं असतं.

"आता त्या हाताचं काय?" त्यांनी विचारलं.

"उद्या काढतोय. त्या दुसऱ्या पुतळ्यावरून नवीन हात येणार आहे, गोगलगायीसकट. आणि हा परवा कापणार. प्रयोगशाळेला चार तुकडे हवेत, ओतकाम कधीचं आहे ते आतून बघायला. असल्या नकली भागाला नोंदणी क्रमांक नसतो, म्हणजे परवानगीची कटकट नाही. मीच कापणार आहे." तिचा चेहरा खुलला. "माझा पहिलाच मोठा शोध आहे, बाबा. संचालकबाई म्हणाल्या, परिषदेत तूच वाच."

"छान," मिस्त्री म्हणाले आणि कपातला बिस्किटाचा गाळ चमच्याने ढवळत बसले.

खरी गोष्ट अशी होती. मिस्त्रींना या मुलीच्या आधी एक मुलगी होती. ती सात वर्षांची असताना एका रविवारी, तिची आई माहेरी गेली होती तेव्हा, तिने बापाच्या मागे टुमणं लावलं. सगळ्यांच्या नकला काढता, राजांच्या काढता, घोड्यांच्या काढता, माझी का नाही? मिस्त्रींनी तिला विभागात नेलं, तिच्या उजव्या हाताला तेल चोपडलं आणि प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा घेतला. साचा वाळवून फळीवर ठेवला. कधीतरी मेणाचा हात ओतून देऊ म्हणाले, आणि कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं. पाच महिन्यांनी मुलीला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

तिच्या आईने त्यानंतर पंधरा दिवसांत घर रिकामं केलं. फ्रॉक, पाटी, बाहुली, तिचा छोटा पेला, एक वस्तू म्हणून ठेवली नाही. तिचं नाव घरात घेतलं जाईना. साचा घरात नव्हता म्हणूनच वाचला.

त्याच सुमारास गवताने भरलेल्या पेटीतून फ्रेंच मुलगी आली. उजवा हात मनगटापासून गायब. पेटीतलं सगळं गवत चाळलं, हात नव्हता. अशा वेळी काय करायचं याचा नियम ठरलेला होता, आणि तो मिस्त्रीच नवीन लोकांना शिकवत: जे नाही ते आपल्या मनाचं घालायचं नाही. थोटा तर थोटा. त्यांनी सवयीने मनगटाचं माप घेतलं. मग फळीवरच्या साच्याचं घेतलं. सुताचाही फरक नव्हता. चार फुटी तरुणीला सात वर्षांच्या पोरीचा हात बरोबर बसतो, हे त्यांना माहीत असायला हवं होतं, पण तशी वेळ कधी आली नव्हती.

पुढचं सांगायला नकोच. मिस्त्रींनी मेण ओतलं, जुन्या यंत्राचे बुश, म्हणजे ज्यात दांडा फिरतो ती ब्राँझची कडी, मिळवले, विभागाच्या छोट्या भट्टीत हात ओतला आणि मनगटात आतून खुंटी घालून बसवला. वरचा रंग तर असा जुळवला की आठ दिवसांनी जोड शोधायला त्यांनाच भिंग लागलं. साचा फोडून टाकला, कारण तो राहिला असता तर कधी ना कधी कोणीतरी विचारलं असतं. आणि नोंदवहीत एक ओळ लिहिली. त्यांच्या उभ्या आयुष्यातलं ते सर्वांत उत्तम काम होतं, आणि त्याची शाबासकी मिळाली ती केव्हाच मेलेल्या एका फ्रेंच माणसाला. लेख आला तेव्हा मिस्त्रींना याचा थोडा रागही आला होता.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते "जुन्या मंडळींना भेटून येतो" म्हणून जात. दालनातल्या बाकावर अर्धा तास बसत आणि परत येत. निवृत्त झाल्यावरही हा नेम चुकला नाही. बायकोने कधी विचारलं नाही. जुन्या मंडळींपैकी आता कोणी उरलेलं नव्हतं, तरी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. आधी त्यांना वाटलं, जाऊन हात खिशात घालून यावा. पण ज्या इमारतीची कुलपं आपणच दुरुस्त केली तिथून चोरी करायची कल्पना त्यांना ओंगळ वाटली. मग वाटलं, संचालकबाईंना भेटून म्हणावं, जुनं काम आहे, असू द्या. पण बाई हुशार होत्या, "का?" विचारल्याशिवाय राहिल्या नसत्या. शेवटी दुपारी त्यांनी मुलीला फोन लावला.

"कापण्याआधी निदान साचा तरी घेऊन ठेव," ते म्हणाले.

"बाबा, नकलीची नक्कल कशाला?"

"असावी म्हणून."

"तुम्हीच ना म्हणायचात, कचरा साठवला की विभागाचं भंगाराचं दुकान होतं? बरं, फोन ठेवते, प्रदर्शनाची पेटी आलीय."

मिस्त्रींनी फोन खाली ठेवला. बायको समोर बसून शर्टाचं बटण लावत होती. तिने दोरा दाताने तोडला, शर्ट त्यांच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "उद्या बाहेर जायचं असेल तर हा घाला. कालपासून चेहरा सुपारीएवढा झालाय तुमचा." कुठे जायचंय ते तिने विचारलं नाही.

कापायच्या दिवशी, गुरुवारी, दहाच्या सुमाराला ते विभागात पोहोचले. दारातच पॅसेजमध्ये फ्रेंच मुलगी चाकांच्या पाटावर उभी होती, मनगटाला पांढरं फडकं बांधलेलं. आत खिडकीजवळच्या बाकावर, चामड्याचे तुकडे लावलेल्या पकडीत हात घट्ट धरलेला होता. त्यावर खडूच्या तीन रेघा होत्या, एक बोटांच्या मुळाशी, एक तळव्यावर, एक मनगटाशी. मुलगी हॅकसॉला नवं पातं लावत होती.

"दात पुढे हवेत," मिस्त्री म्हणाले.

"पुढेच आहेत. तुम्ही कसे आलात? बसा ना."

"तो हात मी केलाय."

मुलगी आधी हसली. बाबांची काहीतरी गंमत असेल असं तिला वाटलं. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हसणं थांबलं.

"बुश," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला बुश माहीत होते."

"हो."

"आणि नोंदवहीत खोटं लिहिलंत? तुम्ही?" तिने हॅकसॉ बाकावर आपटला. "पहिल्या दिवशी मला काय सांगितलं होतंत? हात चुकला तर चालेल, नोंद चुकता कामा नये. मी अजून नवीन पोरांना हेच सांगते, तुमचं नाव घेऊन! परिषदेत काय वाचू मी आता? माझ्या वडिलांनी लबाडी केली?"

"तसंच वाच. माझं नाव घालून वाच. पण हा कापू नकोस."

"का? स्वतःचं काम फार आवडतं म्हणून?"

मिस्त्रींनी सांगितलं. फार बोलले नाहीत, पाच-सहा वाक्यांत झालं. त्यात मोठ्या मुलीचं नाव आलं. एक्केचाळीस वर्षं ते नाव त्यांनी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे तोंडातून निघताना ते कोणा परक्या मुलीचं असल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा आपलं झालं.

धाकटीला एवढंच माहीत होतं की आपल्याआधी एक बहीण होती आणि ती तापाने गेली. त्या बहिणीला तिने कधी फोटोतही धड पाहिलं नव्हतं. ती स्टुलावर बसली. पकडीतल्या हाताकडे बघत राहिली, आणि मग तिला रडू आलं. वाईट वाटून रडत होती, आणि चिडूनही रडत होती. रोज सकाळी या हाताच्या जवळून जाऊन कामाला बसायचो आपण, आणि कोणाला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही!

"कशी होती?" तिने नाक पुसत विचारलं.

"बडबडी. तुझ्याहून जास्त."

"शक्यच नाही," ती म्हणाली, आणि पकडीचा दांडा फिरवून तिने हात सोडवला. ओल्या फडक्याने खडूच्या तिन्ही रेघा पुसल्या. "आईला माहीत आहे?"

"नाही."

"कधी सांगणार होतात?"

मिस्त्री खिडकीतून बाहेर बघू लागले. मुलीने फोन उचलला. "आई, संग्रहालयात ये. आत्ता. नाही, नाही, बाबा ठीक आहेत. म्हणजे पडले-बिडले नाहीत. तू ये."

पाऊण तासाने आई आली. बस सोडून टॅक्सीने आली होती. पर्समध्ये मिस्त्रींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि त्यांचे कोरडे मोजे. इतक्या वर्षांत ती या इमारतीत तीनदा आली असेल, तीही निरोप समारंभांना. मिस्त्री धडधाकट उभे आहेत हे बघून तिने पर्स खाली ठेवली.

"तुम्ही सांगा," मुलगी बापाला म्हणाली. "मी नाही सांगणार."

मिस्त्रींनी दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्या वेळेपेक्षा अवघड गेलं. बायको उभ्यानेच ऐकत होती, बाकावर पांढऱ्या कापडावर ठेवलेल्या हाताकडे न बघता, त्यांच्याच तोंडाकडे बघत. नियम कसा होता, धातू कुठून आणला, नोंद का तशी लिहिली, आता नाव जाईल ते जाईल, हे सगळं त्यांनी सांगितलं. ते थांबल्यावर तिने एकच गोष्ट विचारली.

"पहिल्या रविवारी जायचात ते इथे?"

"हो."

"एकटेच?"

दोन दिवसांत मिस्त्रींनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं जुळवून ठेवली होती, संचालकबाईंच्या, मुलीच्या, त्या बारा पानांच्या अभ्यासकांच्यासुद्धा. हा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता. "तूच सगळं घराबाहेर काढलंस," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला बघवणार नाही."

"नव्हतंच बघवत. तेव्हा नव्हतं. वर्षभराने मी एक फ्रॉक तरी राहिला असेल म्हणून कपाटं उपसली. माळा उपसला. गाद्यांच्या खाली बघितलं. तुम्ही तिथेच होतात, मिस्त्री. शिडी धरून उभे होतात. काय शोधतेस, असंही विचारलं नाहीत."

मिस्त्रींना ती शिडी आठवली. त्या दिवशी त्यांना सगळं कळलं होतं आणि तरी ते बोलले नव्हते. घाबरले होते, बास. नोंदवहीतली एक ओळ उघडी पडेल म्हणून घाबरले होते, आणि पुढे इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटू लागली. हे त्यांनी आजवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

"हात घरी न्यायचाय," बायको मुलीला म्हणाली.

मुलगी गडबडली. "आई, नाही नेता येणार. कोणी केला, कोणाचा आहे, हे आता कळलं म्हणजे तो नोंदवावा लागणार. नोंदवलेली वस्तू इमारतीबाहेर जात नाही. हात लावायचा तर फक्त अभ्यासकांना, अर्ज भरून, एका वेळी दोन तास."

"मग भर अर्ज."

मुलीने खणातून अर्ज काढला. नाव लिहिलं. 'संस्था' या रकान्यात रेघ मारली. 'अभ्यासाचा विषय' इथे ती अडली, मग 'उजवा हात' असं लिहून तिने खाली सही केली आणि वेळ टाकली, साडेअकरा ते दीड. सवयीने सुती हातमोजे पुढे केले. "घामाने धातूवर डाग पडतात, म्हणून घाला—" एवढं म्हणाली आणि आईकडे बघून ते मोजे तिने आपल्याच खिशात कोंबले.

"तुम्ही बाहेर जा," बायको मिस्त्रींना म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं बसलात ना? आता मला बसू द्या."

मिस्त्री पॅसेजमध्ये येऊन लाकडी पेटीवर बसले. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. थोड्या वेळाने मुलगीही बाहेर आली आणि कार्यालयाकडे निघून गेली, बहुधा संचालकबाईंना सांगायला. समोर फ्रेंच मुलगी फडकं बांधलेलं मनगट पुढे करून उभी होती. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं तोंड असं निरखून पाहिलं नव्हतं. ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू होतं, गोगलगायीला शोभेलसं. त्या फ्रेंच माणसाचं काम चांगलं होतं. कोणाला सांगायची सोय नव्हती, पण चांगलं होतं.

बायको आत रडत असेल का, याचा त्यांना अंदाज येईना. जाऊन बघायची हिंमतही होईना. तिने आपल्याला माफ करावं असं त्यांना फार वाटत होतं, आणि ते मागायचं तोंड आपल्याला नाही हेही कळत होतं. पाय आखडले, तेव्हा त्यांनी उठून दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा पेटीवर बसले.

अर्ध्या तासाने दार उघडलं. बायको दारात उभी होती. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा.

"अहो, प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं ना?"

"होतं थोडं."

"तिला चटका बसला का?"

"छे. गुदगुल्या होतायत म्हणाली. सारखी हसत होती. शेवटी ओरडलो मी, हलू नकोस म्हणून."

"ओरडलात?"

"जरासा. तर आणखीनच हसली."

बायकोचा हात दाराच्या कडीवर गेला. मिस्त्रींना वाटलं, दार आता पुन्हा लागणार. मग ती बाजूला झाली.

"या आत," ती म्हणाली. "त्या दिवशी मी नव्हते. सकाळी ती उठली तिथपासून सांगा. काय घातलं, काय खाल्लं, वाटेत काय काय बोलली, सगळं. दीड वाजायला अजून बराच वेळ आहे."